आधी हात, मग उपदेश

‘बायबलमध्ये “भिऊ नको” हे शब्द ३६५ वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा.’ ख्रिस्ती घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज वर्षातून दोन-चारदा तरी फिरतोच. उपदेशातही ऐकू येतो, आणि बाकांवरून ‘आमेन’ उठतं. वाक्य गोड आहे, पण खरं नाही. शब्दसूची घेऊन बसा, ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नका’ अशा सगळ्या जागा मोजा, आकडा ३६५च्या आसपासही पोचत नाही. (लीप वर्षाच्या २९ फेब्रुवारीला काय करायचं, तेही कुणी सांगत नाही.) पण माझं भांडण या बेरजेशी नाही. ती ज्या समजुतीवर उभी आहे, तिच्याशी आहे. देवाने रोजच्या रोज बजावून ठेवलंय, तरी तुमच्या पोटात गोळा येतो, म्हणजे खोट तुमच्या विश्वासातच आहे, अशी ती समजूत. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, ती इतकी मुरली आहे की आता कुणी ती उघड बोलूनही दाखवत नाही; ती गृहीतच असते.

ती कुठे दिसते? रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा. कोण उभं राहतं ते पाहा. ऑपरेशन पार पडलेला उभा राहतो, नोकरी लागलेला उभा राहतो, अपघातातून वाचलेला उभा राहतो. ‘डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण मी घाबरलो नाही, प्रभूवर भरवसा ठेवला.’ टाळ्या पडतात. त्यात वाईट काहीच नाही, आनंद सांगावाच. पण त्याच बाकावर पलीकडे जी बाई बसली आहे, जिच्या बायोप्सीचा रिपोर्ट मंगळवारी यायचा आहे आणि जिला आठ दिवस झोप नाही, ती उभी राहत नाही. तिची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि ‘मी घाबरलो नाही’ हे वाक्य तिला म्हणता येणार नाही. मग ती गप्प बसते. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगत नाही. मला वाटतं, आपण तिला दोन दुखणी दिली. भीती तिला होतीच. भीती वाटल्याची लाज आपण दिली.

ही शिकवण शास्त्रातून आली असती तर मुकाट्याने मान्य केली असती. पण शास्त्र उघडलं की नेमकं उलटं दिसतं. भित्र्या माणसांची नावं गाळायची ठरवली तर बायबल फार बारीक पुस्तक होईल.

एलीया संदेष्ट्याचंच घ्या. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस. स्वर्गातून अग्नी उतरला, सगळं जिंकलं. आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीचा एक निरोप येतो, तशी त्याची गाळण उडते. जीव घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. इथे देव काय करतो हे फार कमी उपदेशांत ऐकलं आहे. ‘कालच एवढा चमत्कार दाखवला, तरी घाबरलास?’ असं तो म्हणत नाही. झोपलेल्या एलीयाला देवदूत हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट लांबची आहे. प्रश्न विचारणं, समजावणं, नवं काम सोपवणं हे सगळं त्यानंतर. भाकर आधी, झोप आधी.

नव्या करारात पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भयभीत होतो, थरथर कापत होतो. दुसऱ्या पत्रात मासेदोनियाच्या प्रवासाबद्दल म्हणतो, बाहेर भांडणं आणि आत भीती. अर्धं रोमी साम्राज्य पालथं घालणाऱ्या प्रेषिताने हे स्वतःच मंडळीला कळवलं आहे. आज एखाद्या पाळकाने (पास्टरने) वार्षिक अहवालात असं लिहिलं तर पुढच्या बैठकीत त्याच्या बदलीचा विषय निघेल.

मार्कच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी संपूर्ण हस्तलिखितं जिथे संपतात, तिथे तर येशूची कबर रिकामी सापडलेल्या स्त्रिया पळत सुटल्या आहेत आणि ‘त्यांनी कोणाला काही सांगितले नाही; कारण त्या भ्याल्या होत्या’ हे शेवटचं वाक्य आहे. पुढच्या ओव्या नंतरच्या हातांनी जोडल्या असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुनरुत्थानाची पहिली बातमी आपल्यापर्यंत आली ती घाबरलेल्या बायकांकडून. त्या पुढे बोलल्या असणारच, नाहीतर आपल्याला कळलं नसतं. पण भीती आधी आली आणि लिहिणाऱ्याने ती झाकली नाही.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गेथशेमाने, येशूला अटक झाली त्या रात्रीची बाग. येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतो आणि म्हणतो, ‘माझा जीव मरणप्राय, अति खिन्न झाला आहे, तुम्ही येथे राहा व जागे असा.’ हे देवपुत्राचं वाक्य आहे. त्याला सोबत हवी आहे. तो ती मागतो, मिळत नाही, पुन्हा येऊन पाहतो तर तिघे झोपलेले. हा प्याला टळो अशी प्रार्थना तो एकदा करून थांबत नाही, पुन्हा पुन्हा करतो. ज्याला आपण विश्वासाचा उगम म्हणतो त्याने भीती वाटल्याचं कबूल केलं आणि मित्रांना जवळ बसायला सांगितलं. मग आपल्या मंडळीतल्या माणसाने हेच केलं तर ते कमी दर्जाचं कसं ठरतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

विरुद्ध बाजूला वचनं आहेत, हे मला ठाऊक आहे. ती टाळून पुढे जाणं लबाडी होईल. वादळात शिष्यांना येशू ‘अल्पविश्वासी’ म्हणतो. पाण्यावर चालताना वारा पाहून भ्यालेल्या पेत्रालाही तो हेच म्हणतो. भीती म्हणजे कमी विश्वास, असं म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार या दोन जागांवर आहे. पण घटनाक्रम नीट वाचावा. पेत्र बुडू लागतो आणि ओरडतो. मत्तय लिहितो की येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं, आणि मग म्हटलं, अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास? बोल लावला तो हात धरल्यानंतर. वादळातल्या प्रसंगी ज्याने बोल लावला तो काठावर नव्हता. त्याच नावेत होता, तीच लाट त्याच्याही अंगावर येत होती. आपल्याकडे बोल लावणारे भरपूर आहेत. ते बहुतेक वेळा काठावरून बोलतात आणि त्यांचे दोन्ही हात शास्त्र धरण्यात गुंतलेले असतात.

दुसरं वचन योहानाच्या पत्रातलं: पूर्ण प्रीती भीती घालवून देते. हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, त्यामुळे मागचं-पुढचं कुणी वाचत नाही. आदल्याच वाक्यात न्यायाच्या दिवसाचा विषय चालला आहे आणि पुढे ‘भीतीमध्ये शासन आहे’ असं म्हटलं आहे. म्हणजे ही भीती देवाच्या शिक्षेची. कॅन्सरची, कर्जाची, जमावाची भीती हा तिथला विषयच नाही. तरी ते वचन व्यापक अर्थाने घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. पण मग तिथे भीती घालवण्याचं काम प्रीतीकडे दिलं आहे, आणि प्रीती एकट्याने करता येत नाही. घाबरलेल्याला त्याचीच प्रीती अपुरी आहे असं सुनावणं म्हणजे तापलेल्या माणसाला तुझंच अंग गार नाही म्हणून रागावणं झालं.

तर मग घाबरलेल्या विश्वासणाऱ्याने करायचं काय? माझ्या वाचनात याचं सर्वांत शहाणं उत्तर जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचं आहे. १५२७च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात प्लेग आला. विद्यापीठ येना शहरात हलवलं गेलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरलाही निघून जाण्याचा हुकूम झाला होता. तो गेला नाही. बायको काथरिना गरोदर, मुलगा लहान, घराचं जवळजवळ इस्पितळ झालेलं. शहराच्या महापौराची बायको जवळपास त्याच्या हातांतच गेली. त्याच दिवसांत ब्रेस्लाउ इथल्या पाळकांनी त्याला आधीच विचारलेला एक प्रश्न समोर होता: प्लेगपासून पळून जाणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का? त्याने उत्तर लिहिलं आणि त्याच वर्षी ते छापून निघालं.

ल्यूथर हा तापट माणूस. त्याचं सगळंच घेण्यासारखं नाही. ज्यूंबद्दल त्याने उतारवयात जे लिहिलं ते लाजिरवाणं आहे आणि त्याची फळं पुढे युरोपने भोगली. पण या पत्रात तो आश्चर्य वाटावं इतका नेमस्त आहे. मरणाची भीती देवानेच माणसात घातली आहे, जीव वाचवावासा वाटण्यात पाप नाही, असं तो म्हणतो. सगळ्यांचा विश्वास सारखा बळकट नसतो, तेव्हा सगळ्यांवर एकच ओझं लादू नये. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही त्याने खुशाल जावं. मग तो एकेकाला थांबवतो. पाळक जाऊ शकत नाही, कारण मरणाऱ्याला त्याची गरज आहे. महापौर आणि न्यायाधीश जाऊ शकत नाहीत, कारण शहर वाऱ्यावर पडेल. आईबाप मुलांना सोडून, मुलं आईबापांना सोडून, मालक नोकरांना आणि नोकर मालकांना सोडून जाऊ शकत नाहीत, त्यांची दुसरी सोय लागेपर्यंत. आजारी शेजाऱ्याला पाहणारं दुसरं कुणी नसेल तर शेजाऱ्यानेही जाऊ नये.

या यादीत ‘तुला भीती वाटते का?’ हा प्रश्न कुठेच नाही. ‘तुझा विश्वास किती?’ हाही नाही. एकच गोष्ट विचारली आहे: तुझ्यावर कोण विसंबून आहे? मला हे फार मोलाचं वाटतं. भीती मोजायला कुणाकडे मापं नाहीत. विश्वास मोजायचं तर ढोंगच असतं. पण माझ्यावर कोण विसंबून आहे, हे कुणालाही सांगता येतं, अगदी हातपाय कापत असतानाही.

आणि जे अतिउत्साही लोक औषध नको, खबरदारी नको, देव राखेल म्हणून प्लेगच्या घरांत शिरत होते, त्यांना ल्यूथरने चांगलंच फैलावर घेतलं आहे. याला त्याने देवाची परीक्षा पाहणं म्हटलं आहे. औषधं देवाने दिली आहेत, ती घ्या. घर-अंगण धुरी देऊन स्वच्छ करा. जिथे तुमची गरज नाही तिथे आणि त्या माणसांजवळ जाऊ नका. शेजाऱ्याला गरज असेल तर मात्र मागे हटू नका. २०२०च्या मार्चमध्ये हा मजकूर जगभर पुन्हा फिरला, कारण काही ठिकाणी मंडळ्या तेव्हाही ‘प्रभूच्या घरात विषाणू येत नाही’ म्हणून दारं उघडी ठेवत होत्या. त्यांना वाटत होतं ते विश्वासाने वागताहेत. पण कोरोनाच्या हिशेबात तुमच्यावर विसंबून असलेले लोक म्हणजे शेजारच्या बाकावरची सत्तरीची आजी. तिला धोका देऊन दाखवलेल्या धाडसाला शौर्य म्हणायला मी तयार नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण. १८९६-९७चा दुष्काळ. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, विधवा आणि मुलींसाठीचं, तेव्हा पुण्यात होतं, धर्मांतरावरून उठलेल्या आधीच्या वादळातून कसंबसं सावरलेलं. मध्य प्रांतात माणसं भुकेने मरताहेत अशा बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना दुष्काळ वर्तमानपत्रातून कळलेला नव्हता. वीसएक वर्षांपूर्वी, ऐन तरुण वयात, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांना त्यांनी उपासमारीने गमावलं होतं. भाऊ श्रीनिवास आणि त्या मागे राहिल्या, मैलोन् मैल पायी भटकल्या. पुढे भाऊही गेला. लग्न होऊन दीड-पावणेदोन वर्षं झाली नाहीत तो पतीही गेले. अशा बाईला ‘दुष्काळ’ हा शब्द ऐकून काय झालं असेल, त्याचा अंदाज आपण करावा. तरी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि टाकलेल्या, उपाशी, पळवून नेल्या जाण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली आणि बायका घेऊन परतल्या. पाठोपाठ पुण्यात प्लेग. प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या ठोकून त्यांना हलवलं. आज ज्याला आपण मुक्ती मिशन म्हणतो त्याची अशी ही सुरुवात. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. याच काळात प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना कसं वागवलं जातं यावर त्यांनी जाहीर पत्र लिहिलं, ते सरकारला झोंबलं.

आपण रमाबाईंचं चित्र काढतो ते पांढऱ्या साडीतल्या निर्भय देवीचं. मला ते चित्र पटत नाही. निर्भय बाईला दुष्काळी भागात जाणं सोपं गेलं असतं, मग त्यात कौतुक कसलं? केडगावात काय उभं राहिलं ते पाहा: विहिरी, शेती, गोठा, माग, छापखाना, अंध मुलींसाठी शाळा. हे सगळं ज्या बाईने उभं केलं तिला पक्कं ठाऊक होतं की धान्य संपतं तेव्हा माणूस मरतो. तिने प्रार्थना केली आणि विहीरही खणली. ज्याला भुकेची भीती माहीत नाही तो नुसती प्रार्थना करून थांबतो. भीतीने तिला शहाणं केलं होतं, असं म्हणायलाही माझी हरकत नाही.

इथे वाचक विचारेल, आणि विचारावंच: यात ख्रिस्ती विश्वासाचं काय? त्याच प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या ससाणे मळ्यातल्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या सत्यशोधक होत्या. त्यांच्या धैर्यात काही उणं होतं का? मुळीच नाही. ख्रिस्ती माणसाचं धैर्य वेगळ्या वाणाचं, वरच्या प्रतीचं असतं असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणारे उपदेश ऐकून मला अवघडल्यासारखं होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नगरपालिकांचे जे सफाई कामगार रात्रंदिवस स्मशानात राबले, त्यांचा धर्म कुणी विचारला?

ख्रिस्ती विश्वास माणसाला जे देतो ते माझ्या मते वेगळं आहे आणि पुरेसं आहे. तो भीती बोलायला जागा देतो. ज्या देवाशी मी बोलतो तो स्वतः एकदा बागेत रात्री घामाघूम होऊन गुडघ्यांवर होता. त्याला भीती समजावून सांगावी लागत नाही. तेविसावं स्तोत्र आपण लग्नातही म्हणतो आणि दफनविधीतही. मृत्युच्छायेच्या दरीतून जात असलो तरी अरिष्टाला भिणार नाही, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. दरी संपली असं स्तोत्रकार म्हणत नाही. अंधार नाही असंही म्हणत नाही. बरोबर कुणी आहे, इतकंच म्हणतो. आणि हे ‘बरोबर असणं’ देव बहुतेक वेळा माणसांच्या हातून करतो, म्हणून तर त्याने मंडळी नावाची वस्तू निर्माण केली. वॉर्डाबाहेर रात्र काढणारा डीकन (मंडळीचा सेवक), डबा घेऊन येणाऱ्या मंडळीतल्या काकू, अ‍ॅडमिशनच्या वेळी भरलेले पाच हजार रुपये: विश्वासाने भीतीतून पार होणं म्हणजे काय, ते मी अशा ठिकाणी पाहिलं आहे. शब्द तिथे फार कमी असतात. काकू तर वचनही सांगत नाहीत; ‘आधी जेव’ म्हणतात.

म्हणूनच मनाच्या आजारांबाबत आपल्याकडे जे चालतं त्याचा मला राग येतो. ज्याला पॅनिक अटॅक येतात, ज्याला कारण नसताना छातीत धडधडून लिफ्टमध्ये पाऊल टाकवत नाही, त्याला ‘हा भीतीचा आत्मा आहे, गोळ्या सोड, उपास कर’ असं सांगणारे लोक गावोगावच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरगुती प्रार्थनासभांत, भेटतात. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही, हे तीमथ्याच्या पत्रातलं वचन त्यासाठी राबवलं जातं. त्याच वाक्यात पुढे ‘संयमाचा’ असाही शब्द आहे, तो कुणाला आठवत नाही. ज्या मिशनच्या परंपरेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केलं, क्षयाचं नाव काढलं तरी लोक थरथरत अशा काळात ज्यांच्या नावाने वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम उभं राहिलं, त्याच परंपरेतली नातवंडं आज गोळीला अविश्वास म्हणतात! आजोबा प्रार्थना करून पेशंटच्या खोलीत जात आणि खिडक्या उघडत, कारण क्षयाला हवा लागते हे त्यांना डॉक्टरने शिकवलेलं असे. डोक्याच्या औषधाला वेगळा न्याय का? मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पाळकाला मंडळीतल्या कुणी कधी ‘विश्वास कमी पडतोय’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

भीतीची आणखी एक जात आहे, जिच्याबद्दल आपण चार भिंतींतच बोलतो. लहान समाजाची भीती. प्रार्थनासभा चालू असताना बाहेर जमाव येईल का, घरात बायबल वाचलं म्हणून तक्रार होईल का, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं. अशा वेळी मंडळ्यांत दोन टोकं दिसतात. एक म्हणतात, गप्प राहा, दिवस काढा. दुसरे मंचावरून गर्जना करतात की छळ हा आपला मुकुट आहे. गर्जना करणाऱ्यांचं घर बहुधा त्या गावात नसतं. मला ल्यूथरचाच प्रश्न इथेही उपयोगी वाटतो. ओडिशात २२ जानेवारी १९९९च्या रात्री मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या दोन लहान मुलांसह जीपमध्ये जाळून मारण्यात आलं. फिलिप १० वर्षांचा, टिमोथी ६ वर्षांचा. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे आपल्या प्रत्येक उपदेशकाला पाठ आहे. पण त्यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियाला परतणं त्यांना शक्य होतं. कुणी बोट दाखवलं नसतं. त्या २००४ पर्यंत बारीपदाला राहिल्या, कारण तिथल्या कुष्ठाश्रमात त्यांच्यावर विसंबून असलेली माणसं होती, आणि कुष्ठरोग्याला दुसरं कुणी सहज मिळत नाही. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. क्षमेचं वाक्य उच्चारायला एक क्षण पुरतो. पाच वर्षं रोज सकाळी त्याच राज्यात उठून कामाला जायला काय लागतं, याचा विचार कुणी करत नाही, कारण त्यावर पोस्टर बनत नाही.

आणि म्हणूनच गावातून निघून गेलेल्या कुटुंबाकडे नाक मुरडून पाहणंही मला मान्य नाही. घरात तान्हं मूल असेल, म्हातारी आई असेल, तर त्यांना सुरक्षित जागी नेणं हेही विसंबलेल्यांना धरून राहणंच आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफाने रात्री उठून बाळ आणि मरीया यांना घेऊन मिसर (इजिप्त) गाठलं. बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजापुढे छाती काढून उभं राहण्याची आज्ञा त्याला झाली नव्हती. पळून जा, अशीच झाली होती. त्याला अल्पविश्वासी म्हणायची हिंमत कुणी केलेली नाही.

बदल कुठून करायचा हे सांगायला मी काही मोठा धर्मशास्त्री नाही, पण काही गोष्टी अगदी साध्या आहेत. साक्षीच्या वेळेत न संपलेल्या गोष्टींनाही जागा द्या. ‘रिपोर्ट मंगळवारी आहे, मला भीती वाटते, कुणी बरोबर याल का?’ असं बोलायची परवानगी पाळकाने आधी स्वतः देऊन ठेवली पाहिजे, नाहीतर कुणीच पहिलं बोलणार नाही. प्रार्थनेच्या यादीत नाव घातलं की त्याच्यासमोर कोण जाणार हेही लिहा. फक्त नाव आणि आजार लिहून वाचून दाखवणं म्हणजे नोटीसबोर्ड झाला. संडे स्कूलमध्ये दावीद आणि गल्याथाची गोष्ट दरवर्षी होते, आता एलीयाची भाकरही शिकवा. आणि ३६५वाला मेसेज आला तर तो पुढे ढकलू नका, एवढं तरी नक्कीच करता येईल.

पाळकांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. १५२७च्या ऑगस्टमध्ये, प्लेग गावात शिरत असताना, ल्यूथरने मित्र मेलांख्थनला लिहिलं की आठवड्याहून जास्त काळ मी मरणात आणि नरकात काढला आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. भीती आणि निराशेने तो आतून पोखरला होता. हाच तो माणूस, जो शहर सोडून गेला नाही. डिसेंबरात त्याला मुलगी झाली, एलिझाबेथ. आठ महिन्यांची होण्याआधी ती वारली. आपल्या पाळकसाहेबांना पगार वेळेवर मिळत नाही, क्वार्टर गळतं, मंडळीतल्या दोन गटांत ते सापडलेले असतात, रात्री दीड वाजता दवाखान्यातून फोन आला की त्यांनी जायचं असतं आणि सकाळी नऊला उपदेशात हसतमुख उभं राहायचं असतं. त्यांना कशाची भीती वाटते, हे मंडळीतल्या किती जणांनी कधी विचारलं आहे? पुढच्या बैठकीत हिशेबाआधी हा एक प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि उत्तर येईपर्यंत कुणी वचन सांगू नये.